डिसेबल केलेली सर्व्हिस पुन्हा का सुरू होते आणि आपली सर्व्हिस मात्र पुन्हा का उठत नाही?

आपण दोन अडचणी मांडल्या आहेत. उबंटूवरील छपाईची सर्व्हिस, म्हणजे कप्स, बंद करून डिसेबल केली तरी ती पुन्हा चालू झालेली दिसते. आणि आपण स्वतः लिहिलेला प्रोग्राम ‘रीस्टार्ट’ची सूचना देऊनही काही वेळा कोसळल्यावर कायमचा थांबतो. दोन्ही ठिकाणी सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणारी यंत्रणा) आपले म्हणणे शब्दशः पाळत आहे, एवढेच की आपण जे सांगितले त्याचा अर्थ आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच अरुंद आहे.

‘डिसेबल’ या आज्ञेने फक्त युनिट फाइलकडे (सर्व्हिस कशी चालवायची हे सांगणाऱ्या फाइलकडे) नेणारे दुवे काढले जातात, म्हणजे संगणक सुरू होताना ही सर्व्हिस आपणहून उठवू नये, एवढेच तिचे सांगणे असते. चालू असलेली सर्व्हिस तिने थांबत नाही (त्यासाठी सोबत ‘नाऊ’ हा पर्याय द्यावा लागतो), आणि दुसऱ्या कोणी ती मागितली तर नकारही दिला जात नाही. कप्सच्या बाबतीत मागणारे अनेक असतात: तिचे सॉकेट युनिट (येणाऱ्या जोडणीची वाट पाहणारे) आणि पाथ युनिट (ठरावीक फाइलवर वा फोल्डरवर लक्ष ठेवणारे) चालू असेल तर छपाईची विनंती येताच सर्व्हिस उठते, आणि नेटवर्कवरील प्रिंटर शोधणारी कप्स-ब्राउज्ड ही सर्व्हिसही तिच्यावर अवलंबून असते. म्हणून ‘ही कोणाच्या सांगण्यावरून उठली?’ हा प्रश्न मी नेहमी आधी विचारतो. ‘सिस्टमसीटीएल’ या सिस्टमडीच्या आज्ञेला ‘स्टेटस’ जोडून मिळालेल्या उत्तरात ‘ट्रिगर्ड बाय’ ही ओळ दिसली तर सॉकेट वा पाथचे नाव तिथेच मिळते. ‘लिस्ट-डिपेंडन्सीज’ला ‘रिव्हर्स’ हा पर्याय जोडला की अवलंबून असणाऱ्या सर्व्हिसेस कळतात.

सर्व्हिस कोणत्याही मार्गाने उठूच नये असे असेल तर ‘मास्क’ वापरावे. त्यात युनिटच्या नावाचा दुवा थेट डेव्ह-नलकडे (लिनक्समधील कायम रिकाम्या फाइलकडे) जोडला जातो, त्यामुळे हाताने सुरू करण्याचा प्रयत्नही फसतो. कप्ससाठी सॉकेट आणि पाथ ही दोन्ही युनिटेही मास्क करावीत. मात्र जिची इतरांना सक्तीची गरज आहे अशी सर्व्हिस मास्क केली, तर त्या अवलंबून असलेल्या सर्व्हिसेसही उठणार नाहीत, हे आधी तपासून घ्यावे.

आता दुसरी अडचण, जिने मला स्वतःला एक संपूर्ण सकाळ खर्च करायला लावली होती. माझा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावरील डेटाबेसवर अवलंबून होता. रात्री ते यंत्र काही मिनिटे बंद झाले आणि सकाळी पाहतो तो माझी सर्व्हिस मृत. कारण असे, की दोन प्रयत्नांमधला वेळ ठरवणारी ‘रीस्टार्ट-सेक’ ही सूचना दिली नसेल तर तो वेळ अवघा 100 मिलिसेकंद असतो, आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू होऊन झाले की सिस्टमडी पुढचा प्रयत्न नाकारते. सुरू होताच कोसळणारा प्रोग्राम ही मर्यादा जेमतेम सेकंदाभरात गाठतो, आणि डेटाबेस परत येण्याची वाट पाहायला कोणी उरतच नाही. ‘रीस्टार्ट-सेक’ 5 सेकंद केले की 10 सेकंदांत 5 प्रयत्न होऊच शकत नाहीत, म्हणून मर्यादा कधी गाठली जात नाही. मर्यादा पूर्ण काढायची असेल तर ‘स्टार्ट-लिमिट-इंटरव्हल-सेक’ शून्य ठेवता येते, पण मग ‘रीस्टार्ट-सेक’चे अंतर पुरेसे मोठे ठेवावे, नाहीतर सदोष प्रोग्राम नोंदवहीत (लॉगमध्ये) अखंड ओळी ओतत राहील. ही मर्यादेची सूचना युनिट फाइलच्या ‘युनिट’ विभागात लिहावी, ‘सर्व्हिस’ विभागात नव्हे.

‘रीस्टार्ट’चे मूल्यही विचारपूर्वक निवडावे. ‘ऑन-फेल्युअर’ (बिघाड झाल्यासच उठवा) असताना साध्या ‘किल’ आज्ञेने (टर्म सिग्नलने) गेलेली सर्व्हिस उठत नाही, कारण ती व्यवस्थित संपली असे धरले जाते. ‘किल’ला 9 हा आकडा (प्रोग्राम जबरदस्तीने मारणारा सिग्नल) दिला तर मात्र ती उठते. ‘ऑलवेज’ (नेहमी उठवा) असेल तर दोन्ही वेळा उठते. ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ने थांबवलेली सर्व्हिस मात्र यांपैकी कोणत्याही मूल्याने पुन्हा उठवली जात नाही, म्हणून थांबवण्यासाठी ‘किल’कडे वळूच नये.

हे बदल पॅकेजने बसवलेल्या मूळ फाइलमध्ये करू नयेत, कारण पुढच्या अपडेटमध्ये ते पुसले जातात. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ वापरल्यास आपले बदल वेगळ्या फाइलमध्ये राहतात. आता थांबलेली सर्व्हिस उठवण्यापूर्वी एकदा ‘रीसेट-फेल्ड’ चालवा, म्हणजे जुनी मोजणी शून्यावर येईल.