स्टेशनवरच्या मुलांना वाचनाची गोडी लावली तर त्यांची नशा कमी होते का?

तुम्ही विचारलंय की तुमचा ग्रुप पुणे स्टेशनजवळच्या १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी वाचनाचा उपक्रम सुरू करतोय, तर व्यसन, आजारपण यात काही फरक पडतो का आणि पुस्तकं कुठली न्यायची. मी मुंबईत चारेक वर्षं आठवड्यातून तीन संध्याकाळी एका स्टेशनच्या पुलाखाली अशा मुलांसोबत बसलोय, त्यावरून सांगतो.

आधी एक करा, आरोग्याची पुस्तकं घरीच ठेवा. आम्ही सुरुवातीला तंबाखूचे दुष्परिणाम, हात धुवा वगैरे नेलं आणि पोरं उठून गेली. सोल्युशन हुंगणं वाईट आहे हे त्यांना आपण सांगायची गरजच नाही, सोबतची पोरं त्याने खंगताना बघितलीत त्यांनी. पंक्चरचं सोल्युशन नाहीतर व्हाइटनर रुमालावर घेऊन ओढतात ते भूक मरते म्हणून, रात्री भीती वाटत नाही म्हणून. त्यामुळे आधी पोटात काहीतरी जाऊ द्या, मग गोष्ट.

एक पोरगा होता, १५ चा असेल, मुठीत रुमाल धरूनच बसायचा आणि दर दोन मिनिटांनी मूठ नाकाला. मी काही बोललो नाही, पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं, म्हटलं मी वाचतो, पानं तू उलट. पुलाखाली वारा एवढा की पुस्तक धरायला दोन्ही हात लागतात, मग रुमाल गेला मांडीखाली. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, महिन्याभराने अर्धा तास. नशा वाचनाने सुटली असं मी अजिबात म्हणणार नाही, त्याला डॉक्टर आणि समुपदेशक लागलेच, पण "दादा, तू येशील का सोबत" हे त्याने मला विचारलं ते त्या अर्ध्या तासामुळे.

दुसरं, १५ वर्षांच्या मुलापुढे क कमळाचा ठेवलात तर तो परत येणार नाही, अपमान वाटतो. त्याला म्हणा तू सांग, मी लिहितो. घरून कुठल्या गाडीत बसला, कुठे उतरला, पहिल्या रात्री कुठे झोपला, त्याच्याच शब्दांत लिहा आणि पुढच्या वेळी तेच वाचायला द्या, वाक्यं पाठच असतात त्यामुळे अक्षरं पटापट ओळखू येतात. नंतर पेपरातलं क्रिकेटचं पान. गोष्टींसाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा, २०१५ पासून आहे, मराठी गोष्टी फुकट मिळतात, प्रिंट काढता येते.

आरोग्य येतं ते असं मागच्या दाराने. आमच्या पोरांपैकी एकाने सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभं राहून भिंतीवरचा बोर्ड अक्षर अक्षर लावून वाचला, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, आणि मला म्हणाला हे तर माझंच लिहिलंय. टीबी निघाला. औषधं सरकारी, फुकट, पण सहा महिने रोज घ्यायची आणि राहायला फूटपाथ. त्याने वहीत तारखा लिहून रोज टिक करायला सुरुवात केली, वही मला दाखवल्याशिवाय पुस्तक उघडायचा नाही, पूर्ण केला त्याने कोर्स.

मुली येणार असतील तर तुमच्यात एक ताई हवीच, फोटो कोणाचेच काढू नका, आणि कोणी मारतंय, त्रास देतंय असं कळलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, तो नंबर मुलांनाही वाचायला शिकवा. वार आणि वेळ ठरली की पावसातही जा, आम्ही एकदा दोन आठवडे गेलो नाही तर अर्धी पोरं परत दिसलीच नाहीत.