पुस्तकातला डाव

प्रश्न : माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. वर्षभरापासून एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे कुस्ती, बॉक्सिंग, ज्यूदो असं सगळं एकत्र चालणारी लढत) क्लासला जातो. एक कान सुजून आलाय, पण क्लास चुकवत नाही. सासरे तरुणपणी तालमीत होते. त्यांच्या मते ही कुस्ती नाही, गल्लीतली मारामारी आहे. एरवी पुस्तकाला हात न लावणारा हा मुलगा वाढदिवसाला याच खेळावरचं पुस्तक मागतोय. डाव शिकवणारं, फोटोंचं पुस्तक घेऊ का? इंग्रजी चालेल.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, आधी कान. सूज अजून मऊ लागत असेल तर पुस्तकाचं राहू द्या, त्याला उद्याच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. आत साठलेलं रक्त वेळेवर काढलं नाही तर कानाचा कायमचा गड्डा होतो. सासरेबुवांचे कान एकदा नीट बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

आता पुस्तक. फोटोंचं घेऊ नका. मी एकोणीस वर्षांचा असताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ज्यूदोचं एक सचित्र पुस्तक उचललं होतं. पहिल्या फोटोत प्रतिस्पर्ध्याचं मनगट धरलेलं, दुसऱ्यात त्याच्या दंडाखालून हात घालून आपलंच मनगट पकडलेलं, तिसऱ्यात तो माणूस हरलेला. मधे काय होतं ते छापलेलंच नव्हतं. पुस्तक पाण्याच्या टाकीवर उघडं ठेवून मी गच्चीवर मावसभावाला आडवा पाडला आणि दुसऱ्या फोटोतून थेट तिसऱ्यात गेलो. त्याचा हात तीन आठवडे झोळीत होता, आणि मावशी दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. वस्तादांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पुस्तकातला डाव पुस्तकातल्या माणसावर टाकावा.”

त्या डावाला आज ‘किमुरा’ म्हणतात. तुमच्या मुलाला विचारा, पहिल्या महिन्यातच शिकला असेल. मात्र नावामागची गोष्ट त्याला ठाऊक असेलच असं नाही. 1951 साली जपानचा ज्यूदोपटू मासाहिको किमुरा ब्राझीलला गेला. रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्याची गाठ ब्राझीलियन जिउ-जित्सू रुजवणाऱ्या ग्रेसी घराण्यातल्या एलिओ ग्रेसीशी पडली. किमुराने हाच डाव लावला, हात पिरगाळत नेला, पण एलिओ हार कबूल करेना. शेवटी त्याच्या बाजूने टॉवेल आत आला तेव्हा कुस्ती थांबली. आणि ज्यांचा माणूस हरला त्या ग्रेसी मंडळींनीच डावाला जिंकणाऱ्याचं नाव दिलं! हरणाऱ्याने एवढं केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पुढे 2000 साली जपानच्या काझुशी साकुराबाने याच घराण्यातल्या रेन्झो ग्रेसीचा कोपर याच डावाने निखळवला. त्यानेही हाताने थोपटून हार मानली नाही. हे घराणंच तसं.

म्हणून मी इतिहासाच्या बाजूने आहे. आर्ट डेव्ही यांचं ‘इज धिस लीगल?’ घ्या. हे जाहिरात क्षेत्रातले गृहस्थ. पहिली यूएफसी, म्हणजे अमेरिकेतली एमएमएची स्पर्धा, उभी करण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि ती कशी जुळवली ते त्यांनी या पुस्तकात सांगितलंय. 12 नोव्हेंबर 1993, डेन्व्हर शहर. वजनगट नाहीत, आणि एक बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरलेला. एलिओचा मुलगा रॉयस वजनाने जेमतेम ऐंशी किलोचा, तरी एका रात्रीत तीन जणांना हरवून गेला. आखाड्याभोवती खंदक करून त्यात मगरी सोडाव्यात, असल्या कल्पनाही तेव्हा निघाल्या होत्या. मुलगा हे पुस्तक दोन दिवसांत संपवेल.

खेळाडूंची आत्मचरित्रं जरा जपून घ्या. बहुतेक जण विजेतेपदाचा बेल्ट कमरेला असताना दुसऱ्याच्या हाताने लिहून घेतात, आणि त्यात पराभव म्हणजे पुढच्या विजयाची पायरी असते. यूएफसीची विजेती राहिलेल्या रोंडा राउझीची दोन मात्र जोडीने घ्या. ‘माय फाइट / युअर फाइट’ मे 2015मध्ये आलं तेव्हा ती अजिंक्य होती. नोव्हेंबरात मेलबर्नला होली होमच्या लाथेने ती आडवी झाली. दुसरं, ‘अवर फाइट’, आलं 2024 साली. त्यात ती ज्यूदोच्या दिवसांपासून डोक्याला बसलेल्या आणि लपवत आलेल्या धक्क्यांबद्दल बोलते. ही पानं मुलाच्या आधी तुम्ही वाचा. पहिल्या पुस्तकातली आईही तुम्हाला आवडेल. ती 1984ची ज्यूदो विश्वविजेती, झोपलेल्या मुलीच्या हाताला आर्मबार (कोपर उलटा ताणणारा डाव) लावून तिला उठवणारी. (हा उपाय करून बघू नका.) मात्र वडिलांच्या आत्महत्येचं प्रकरण आहे, तेव्हा मुलाशी आधी बोलून ठेवा.

उत्तम लिखाण हवं असेल तर सॅम शेरिडनचं ‘अ फायटर्स हार्ट’. हार्वर्डमध्ये शिकलेला हा माणूस थायलंड, आयोवा, ब्राझील अशा ठिकाणी जाऊन मार खातो आणि माणूस का लढतो हे स्वतःलाच विचारत राहतो. शंभरेक पानं कमी चालली असती, पण आळस नाही.

राहिले सासरेबुवा. त्यांच्यासाठी जोनाथन स्नोडेनचं ‘शूटर्स’ आणा आणि नातवाला ते मराठीत सांगायला लावा. त्यात कार्ल गॉच भेटतो. बेल्जियमकडून 1948च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेला हा मल्ल इंग्लंडमधल्या विगनच्या आखाड्यात घडला. आपल्याकडच्या जोर-बैठका त्याने इतक्या मनावर घेतल्या की जपानमधल्या शिष्यांकडूनही शेकड्यांनी काढून घेतल्या. जपानमध्ये ज्यांनी पुढे एमएमएची वाट पाडली, त्यातले कितीतरी त्याच्या हाताखालून गेले. तेव्हा नातू क्लासमध्ये घाम गाळतो त्यातला थोडा आपल्याच हौदातून फिरून आलाय, हे आजोबांना सांगायला हरकत नाही.

आणि वाढदिवसाच्या दिवशी त्या दोघांना गादीवर सोडा. मुलगा ज्याला डबल लेग म्हणतो, तो दुहेरी पट त्यांच्या वस्तादांनी कसा शिकवला होता, ते आजोबांना दाखवू द्या. पण कानाची पट्टी सुटल्यावर.