‘आज काय क्लायमेट आहे!’ म्हणणाऱ्या नाशिककरासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता नाशिकला कॉलेज. रोज वीस इंग्रजी शब्द पाठ करता आणि चौथ्या दिवशी वीसच्या वीस गायब. मग पाऊस, थंडी, झाडं, पक्षी यांच्यावरून शब्द शिकले तर टिकतील का? आणि जाता जाता, ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ बोलण्यात वापरावं का?

टिकतात. मी निफाड तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये लागले तेव्हा माझं इंग्रजी रजेच्या अर्जापुरतं होतं. पहिल्याच सीझनला तीन दिवस आभाळ आलं, तोडणी थांबली. बाहेरच्या एका ग्राहकाला मी मेल टाकला की आमच्याकडे क्लायमेट खराब आहे. आपण तसंच म्हणतो ना, गंगापूर रोडला चार थेंब पडले की ‘काय क्लायमेट आहे!’ त्याचं उत्तर आलं, मग त्या भागात द्राक्ष लावताच कशाला? तो चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, मला अजून उमगलेलं नाही. आज-उद्याचं असतं ते वेदर. क्लायमेट म्हणजे वर्षानुवर्षांचा हवेचा स्वभाव. आपलं क्लायमेट द्राक्षाला मानवतं, वेदर मात्र ऐन जानेवारीत दगा देतं. तो शब्द पुन्हा कधी चुकला नाही.

तेव्हा यादी बाजूला ठेवा आणि मराठीतला एकच शब्द इंग्रजीत दोन-तीन घरी कुठे राहतो ते बघा. सायकलीत भरतो ती हवा एअर, ‘आज हवा छान आहे’ मधली वेदर, आणि ओट्यावर बसल्यावर संध्याकाळी अंगाला लागते ती ब्रीझ. ‘ऊन’ तर फारच वांड. कोवळं ऊन सनशाइन, खिडकीतून आत येतं ते सनलाइट, आणि ‘उन्हात बसू नको’ म्हणताना नुसतं ‘डोन्ट सिट इन द सन’. ऋतूंची जुळणी तर करूच नका. त्यांचं स्प्रिंग म्हणजे कडाक्याची थंडी सरून पालवी फुटण्याचे दिवस. पुस्तकात त्याला वसंत म्हणतात, पण आपल्याकडे चैत्रात डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडवत नाही. आपला पावसाळा तर त्यांच्या चार ऋतूंत बसतच नाही, तो ‘मॉन्सून’ म्हणूनच त्यांच्या भाषेत गेला. आणि तो शब्द मुळात अरबी, आपल्या ‘मोसम’चाच भाऊबंद.

शब्द एकटा कधीच लिहू नका, त्याच्या सोबत्यासकट लिहा. मोठा पाऊस ‘बिग रेन’ होत नाही, हेवी रेन होतो. वारा मात्र हेवी नसतो, स्ट्राँग असतो. धुकं थिक असतं. ‘पाऊस पडतोय’मधला पाऊस इंग्रजीत पडत नाही, तिथे ‘इट इज रेनिंग’ म्हणून मोकळे व्हायचं. भुरभुर म्हणजे ड्रिझल, एखादी सर आली-गेली तर शॉवर, कोसळायला लागला तर डाउनपोअर.

नाशिकमध्ये राहता तर पुराच्या दिवसांत गोदाघाटावर जा. (लांबूनच बघा, सेल्फीसाठी पायऱ्या उतरू नका.) दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आलं की अँकल-डीप, गुडघ्याला लागलं की नी-डीप, कमरेला वेस्ट-डीप, गळ्याशी नेक-डीप. चार शब्द एका मूर्तीवर, आणि तेही जन्मात विसरणार नाहीत. त्याच दिवशीच्या बातमीत ‘गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग’ असतं. क्युसेक म्हणजे क्युबिक फीट पर सेकंद, सेकंदाला साधारण २८ लिटर. विसर्गाला इंग्रजीत डिस्चार्ज. दवाखान्यातून मिळतो तोच शब्द. दोन्हीकडे ‘सोडणं’च आहे.

हवामान खात्याचं इंग्रजी पत्रक मी अजून रोज वाचते. भाषा मोजकी, तेच तेच शब्द, आणि प्रत्येकाला माप बांधलेलं. तिथे हेवी म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, व्हेरी हेवी ११५.६ पासून पुढे. आयसोलेटेड म्हणजे तुरळक, फार तर २५ टक्के ठिकाणी. त्याच्या वर निम्म्यापर्यंत स्कॅटर्ड. एक किलोमीटरच्या आतलं दिसेनासं झालं तरच फॉग, त्याहून विरळ असेल तर मिस्ट. गस्टी विंड म्हणजे सोसाट्याचा वारा. विजेच्या लाइटनिंगमध्ये ‘टी’नंतर ‘ई’ घुसवू नका, नाहीतर अर्थ ‘हलकं करणं’ होतो. मी घुसवला होता, तोही पुन्हा मेलमध्येच.

घरची द्राक्षबाग असेल तर अर्धं काम झालेलंच आहे. ‘डावणी आली’ (द्राक्षाच्या पानांवर पडणारा रोग) हे आमच्याकडे शाळेत न गेलेली आजीसुद्धा म्हणते. तो इंग्रजीतला डाउनी शब्द. पक्ष्याच्या अंगावरची मऊ बारीक पिसं म्हणजे डाउन. डावणी पडलेलं पान उलटं करून उजेडात धरा, खाली पांढरी लव दिसते, नाव तिथून आलं. घड म्हणजे बंच, पण त्यातला मणी बेरी. ‘वन ग्रेप’ चुकीचं नाही, पण धंद्यात बेरीच बोलतात. आणि ब्लूम! ग्राहकानं ‘ब्लूम छान आहे’ लिहिलं, तेव्हा मी तोडलेल्या मालात फुलोरा शोधत होते. मण्यावर जी पांढुरकी मेणासारखी झाक असते, बोट लावलं की पुसली जाते, तिलाही ब्लूमच म्हणतात.

पक्ष्यांसाठी नांदूरमध्यमेश्वर, थंडीत, सकाळी लवकर. रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. पाणथळ म्हणजे वेटलँड. तिथे नावं फोडून शिकता येतात. बिल म्हणजे चोच, म्हणून चमच्यासारख्या चोचीचा तो स्पूनबिल. टेल वॅग करणारा, शेपटी हलवत फिरणारा आपला धोबी, वॅगटेल. टिटवीला आपण तिच्या ओरडण्यावरून नाव दिलं, इंग्रजांना तेच ओरडणं ‘डिड ही डू इट?’ असं ऐकू आलं. मला सगळ्यात आवडतो तो वारकरी, म्हणजे कूट. काळा पक्षी, कपाळावर पांढरा पट्टा. आपल्याला त्यात गोपीचंदनाचा टिळा दिसला. त्यांना टक्कल दिसलं, म्हणून ‘बॉल्ड ॲज अ कूट’. येताना बांधावर मुंगूस दिसलंच तर त्याचं इंग्रजी पाठ करायची गरज नाही. मंगूस हा शब्द त्यांनी मराठीतूनच उचललाय. अनेकवचन मात्र मंगूसेस. गूसचं गीस होतं म्हणून ‘मंगीस’ करायला जाऊ नका.

कॅट्स अँड डॉग्ज राहू द्या. इतक्या वर्षांत एकाही ग्राहकाच्या मेलमध्ये मला ते भेटलं नाही. धो धो लागला असेल तर ‘इट्स पोअरिंग’ म्हणा.