फ्लास्कमधली ऑर्किडची रोपं कुंडीत कधी आणि कशी लावावीत?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या फ्लास्कमधली (म्हणजे बी रुजवून रोपं वाढवलेल्या बंद काचेच्या बाटलीतली) काही रोपं बोटाच्या पेराएवढी आणि काही जेमतेम तांदळाएवढी आहेत, तर लहान रोपांसाठी थांबावं का? बाहेर कशी काढावीत? आणि बाहेर काढल्यावर बहुतेक मरतात, हे खरं का?

थांबू नका. बहुतेक रोपांना दोन-तीन पानं आणि तेवढीच मुळं असली की फ्लास्क तयार झाला म्हणायचा. मागे राहिलेली रोपं मोठ्यांच्या गर्दीत सहसा पुढे येत नाहीत, आणि तोवर माध्यमातलं, म्हणजे रोपं ज्यात वाढतात त्या जेलीसारख्या आगरातलं, अन्न संपत येऊन मोठी रोपंही पिवळी पडू लागतात. आत बुरशीचा कापूस दिसला किंवा प्रवासात आगर ढवळून रोपं त्यात बुडाली असतील, तर आजच काढा. एरवी ज्या जागी रोपं पुढे ठेवणार आहात तिथे बंद फ्लास्क आठवडाभर राहू द्या. मात्र थेट ऊन नको, बंद काचेच्या आत रोपं बघता बघता शिजतात. कडक उन्हाळा किंवा कडाक्याची थंडी असेल तर शक्य तितकं पुढे ढकला.

मरण्याबद्दल म्हणाल तर भीती अगदीच खोटी नाही, पण कारण बहुतेकांना वाटतं त्याच्या उलट असतं. ऑर्किडच्या बियांत साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच, निसर्गात ती बुरशीच्या मदतीने रुजतात. १९२२ मध्ये लुईस नड्सन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं, की साखर घातलेल्या माध्यमावर ही बियाणी बुरशीशिवायही रुजतात. आजचे फ्लास्क त्याच वाटेने आले. त्यामुळे आतल्या रोपाला साखर आयती मिळते आणि हवा कायम दमट. पानांवरचं मेणाचं आवरण पातळ राहतं, पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. बाहेर आल्यावर असं रोप पटकन सुकू शकतं, हे खरंच. पण सुकेल या धास्तीने माणूस पाणी घालत राहतो आणि रोप कुजून जातं. माझ्या पाहण्यात सुकून गेलेल्या रोपांपेक्षा कुजून गेलेली कितीतरी जास्त आहेत.

काढताना तोंड रुंद असेल तर कोमट पाणी घालून फ्लास्क हलकेच फिरवा, आगर सुटलं की सगळं पसरट भांड्यात ओता. तोंड अरुंद असेल तर बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून हातोडीचा बेताचा ठोका द्या, आणि काचेचे कण वेचायला आळस करू नका.

धुण्यात मात्र घाई नको. आगरात साखर असते आणि उघड्यावर आलं की बुरशीला ती मेजवानीच. मुळांवरचं आगर लगेच निघतं, पण खालच्या पानांच्या बेचक्यात पारदर्शक थर चिकटून राहतो, तो डोळ्यांना दिसतही नाही. बोटाला बुळबुळीत लागलं की समजायचं अजून आहे. दोन-तीनदा पाणी बदला. मुळांचा गुंता सुटत नसेल तर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात राहू द्या. एखादं मूळ तुटलं तर तुटू दे, पण मधला कोंब जपा. फॅलेनॉप्सिस त्या एकाच टोकातून वाढतं, तो गेला की रोप बहुधा हातचं जातं. मग रोपं कागदावर पसरा आणि पानांवरचं पाणी उडून गेलं की लावायला घ्या.

बुरशीनाशकाबद्दल मतं वेगळी आहेत. आगर नीट धुतलं असेल आणि कुंड्या आणि मॉस (लावायला वापरायचं शेवाळ) स्वच्छ असेल तर मी वापरत नाही. फ्लास्कमध्ये बुरशी होती तर मात्र कॅप्टनसारखं बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणातच, हातमोजे घालून वापरा.

सुरुवातीला प्रत्येकाला वेगळी कुंडी नको. आकारानुसार वाटणी करून एका पसरट कुंडीत दहा-बारा लावा, म्हणजे ओल सारखी राहते. माध्यम म्हणून स्फॅग्नम मॉस उत्तम. भिजवून असं पिळा की दाबल्यावर थेंब पडू नये. मुळांभोवती सैलसर गुंडाळा आणि पानं जिथून फुटतात तो भाग वर ठेवा.

मग झाकणाचा पारदर्शक डबा, त्याला थोडी भोकं. उजेड भरपूर, पण गाळलेला. झाकणाला आतून धुकं आलं तर ठीक, पानांवर थेंब साचून राहत असतील तर भोकं वाढवा. पहिल्या आठवड्यानंतर रोज थोडा वेळ झाकण काढा आणि महिना-दीड महिन्यात पूर्ण हटवा. मॉसचा वरचा थर हाताला कोरडा लागल्याशिवाय पाणी नाही, आणि द्यायचं ते सकाळी. पानं जरा लुळी पडली म्हणून लगेच झारी उचलू नका, आधी मॉस चाचपून बघा. ओलं असेल तर दमट हवा हवी आहे, पाणी नव्हे.

आगरातली बरीच मुळं पुढे तपकिरी होऊन जातात, त्याने घाबरू नका. वाट बघायची ती बुंध्याशी फुटणाऱ्या नव्या मुळाची. ते जाडसर, पांढरट आणि टोकाला हिरवं किंवा लालसर असतं. ते दिसेपर्यंत खत अजिबात नको. दिसल्यावर नेहमीच्या पाव मात्रेने सुरू करा.

तांदळाएवढी रोपं वेगळ्या कुंडीत, झाकणाखाली जास्त दिवस ठेवा. त्यातली काही जातील, काही जीव धरतील. बाकीची सहा महिने ते वर्षभरात एकमेकांच्या अंगावर पानं टाकू लागली, की छोट्या छोट्या कुंड्यांत वेगळी करा, मोठ्या कुंडीत नको, मधलं मॉस वाळत नाही.