आठव्या महिन्यात वजन ७ किलोच वाढलंय, पोटही लहान दिसतं. बाळ बारीक असेल का?

तुम्ही लिहिलंय की पत्नीला चौतिसावा आठवडा आहे, वजन ७ किलोच वाढलंय आणि घरातल्या बायका रोज पोटाकडे बघून 'बाळ काही भरत नाही' म्हणतात. मी उपकेंद्रावर नर्स होते, २३ वर्षं पोटं मोजली. तरी नुसतं बघून सांगायचं म्हटलं तर माझाही अंदाज चुकतो.

एकदा एकाच आठवड्यात दोघी बाळंत झाल्या. एकीचं पोट इतकं मोठं की सगळ्यांनी जुळं ठरवून टाकलं होतं. बाळ निघालं २ किलो ६०० ग्रॅम, बाकी सगळं पाणी. दुसरी उंच, पहिलटकरीण, पोटाचे स्नायू घट्ट. सातव्या महिन्यापर्यंत साडीत काही कळायचंच नाही. तिची मुलगी ३ किलो १०० भरली. तिच्या सासूने काटा बिघडलाय म्हणून दोनदा वजन करायला लावलं.

वाढलेल्या वजनात बाळाचा वाटा पाव हिस्साच असतो. १२ किलो वाढले तर साधारण ३ किलो बाळ, आणि उरलेल्यात वार, गर्भजल, वाढलेली पिशवी, छाती, रक्त, अंगातलं पाणी आणि आईची चरबी. ही चरबी बहुतेक मधल्या महिन्यांत साठते. शेवटच्या तीन महिन्यांत चित्र उलटतं. आईचं इन्सुलिन मुद्दामच कमी चालायला लागतं, म्हणजे जेवणानंतरची साखर तिच्या रक्तात जास्त वेळ राहते आणि वारेतून बाळाला मिळते. आई स्वतः साठवलेल्या चरबीवर भागवते. बाळ या काळात आठवड्याला सुमारे २०० ग्रॅम वाढतं. म्हणून पोट वाढतंय आणि बांगड्या मात्र सैल होतायत, असं काहींचं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. हेच इन्सुलिनचं गणित फार बिघडलं की गरोदरपणातला मधुमेह होतो आणि बाळ नको तितकं मोठं होतं.

बाळाच्या वजनाशी आईच्या चरबीपेक्षा तिच्या रक्ताचा आणि अंगातल्या पाण्याचा संबंध जवळचा. रक्तातला पातळ भाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरलेलं दिसतं. उलट आठव्या महिन्यात ते फारच चढं असेल, तर रक्त हवं तेवढं वाढलं नाही का, अशी शंका डॉक्टरांना येते. (म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नका हं, त्या वेगळ्या कारणासाठी आहेत.)

आपल्याकडचं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. बाळांचं सरासरी वजन आलं सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकलेली. म्हणजे काट्यावर बारीक दिसणारं बाळ आतून चरबीचं असू शकतं. पुढे मधुमेह होण्याची बीजं यात असावीत, असं ते म्हणतात. आणखी एक: आईने किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा ती पालेभाजी, फळं, दूध किती वेळा खाते याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध दिसला. विहिरीचं पाणी ओढणं, शेतातली जड कामं जास्त असलेल्यांची बाळं लहान. मला यात नवल वाटलं नाही, त्या हंडे वाहणाऱ्या पोरी मी रोज बघत होते.

आता तुमचे ७ किलो. पत्नीचं आधीचं वजन तुम्ही लिहिलं नाही, सगळी मेख तिथे आहे. आधीच अंगाने जास्त असेल तर ७ किलो पुरेसे होतात. मुळात ४२ किलोची असेल तर कमी आहेत. टेपने मोजून घ्या: ओटीपोटाखालच्या हाडापासून पिशवीच्या टोकापर्यंत चौतिसाव्या आठवड्यात साधारण ३४ सेंटिमीटर, दोन इकडे-तिकडे चालतात. मी टेप उलटा धरायचे, आकडे खाली, म्हणजे मनातला आकडा हातात उतरत नाही. तीनपेक्षा जास्त फरक असेल, किंवा दोन तपासण्यांत आकडा हललाच नसेल, तर सोनोग्राफी. तिथलं वजनही अंदाजच असतो, १० ते १५ टक्के चूक धरून चाला. नववा लागल्यावर डोकं खाली सरकलं की पोट उतरतं, तेव्हाही घरात 'बाळ सुकलं' म्हणून ओरड होईल.

आठवड्यात एकदम किलो-दोन किलो वाढले, तोंड-हात सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती बाळाची वाढ नव्हे, रक्तदाब बघायचा. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना.

'कमी खा, बाळ लहान राहील, सुटका सोपी होईल' असं कोणी सांगत असेल, तर त्यांना माझ्याकडे पाठवा.