मॅग्नेट या मुळापासून इंग्रजीत कोणकोणते वैज्ञानिक शब्द आले? मॅग्नेशियम त्यातलंच का? लक्षात कसे ठेवायचे?

आधी एक भ्रम मिटवून टाकू. 'मॅग' म्हणजे मोठा, चुंबकाची ताकद मोठी, म्हणून मॅग्नेट, असं कुणी शिकवलं असेल तर विसरा. मॅग्निट्यूड, मॅग्निफाय ही लॅटिन 'मॅग्नुस'ची पोरं, त्यांचा चुंबकाशी सुतराम संबंध नाही. ग्रीक लोक चुंबकी दगडाला 'मॅग्नेटिस लिथॉस' म्हणत, म्हणजे मॅग्नेशियाचा दगड. मॅग्नेशिया हे मुलखाचं नाव. वहाणांचे खिळे दगडाला चिकटलेल्या मॅग्नेस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट रोमन लेखक प्लिनीने नोंदवली आणि ती आजही व्युत्पत्ती म्हणून खपवली जाते. पण प्लिनीच्या शंभरेक वर्षं आधी रोमन कवी लुक्रेशियसने स्वच्छ लिहिलंय की नाव प्रदेशावरून पडलं.

म्हणजे या मुळात 'ओढणे' हा अर्थच नाही. आपल्या 'चुंबक' शब्दात त्या दगडाची करणी आहे, 'अयस्कांता'त तर लोखंडाचा प्रियकरच बसलाय. ग्रीक शब्दात नुसता पत्ता आहे. हे एकदा पटलं की मॅग्नेशियमचा घोळ सुटतो.

मॅग्नेशियाच्या नावाने जुने किमयागार बऱ्याच खनिजांना हाक मारत. त्यातलं 'काळं मॅग्नेशिया' म्हणजे आजचं मँगेनीज डायऑक्साइड. वाळूतल्या लोखंडाने काचेला हिरवट झाक येते, ती घालवायला काचवाले ते चिमूटभर टाकायचे. जास्त पडलं की काच जांभळी. 'पांढरं मॅग्नेशिया' म्हणजे मॅग्नेशियमचं कार्बोनेट. काळ्याचं नाव इटालियन तोंडात मोडून 'मँगानेझे' झालं. १७७४ मध्ये स्वीडिश रसायनज्ञ गानने ते कोळशाबरोबर तापवून धातू काढला, तो मँगेनीज. १८०८ मध्ये हंफ्री डेव्हीने पांढऱ्यातला धातू वेगळा केला आणि त्याचं नाव ठेवलं 'मॅग्नियम', कारण 'मॅग्नेशियम' हे नाव तेव्हा मँगेनीजला लावलं जात होतं. पुढे मँगेनीज आपल्या मोडक्या नावावर कायम राहिलं आणि मॅग्नेशियम हे नाव डेव्हीच्या धातूकडे आलं.

तेव्हा मॅग्नेशियम हे मॅग्नेटचं भावंड खरं, पण नावापुरतं. प्रयोगशाळेतल्या मॅग्नेशियमच्या फितीजवळ चुंबक नेऊन बघा, फीत ढिम्म हलत नाही. मँगेनीजचं तर त्याहून उलटं: पोलादात ते बारा-तेरा टक्के घातलं की चुंबक त्या पोलादालाही चिकटेनासा होतो. तरीही 'नावातच मॅग्नेट आहे, म्हणून मॅग्नेशियम चुंबकीय' असं लिहिणारे संपत नाहीत.

आता खऱ्या चुंबकी शब्दांकडे. माझी कसोटी 'ट'ची: 'मॅग्ने'नंतर 'ट' आला तर शब्द चुंबकाचा, 'स' किंवा 'श' आला तर मॅग्नेशिया नावाच्या मातीचा. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज, मॅग्नेसाइट हे मॅग्नेशियमचं. पुढचं शेपूट ओळखीचं असलं की काम संपलं. मॅग्नेटोमीटर क्षेत्र मोजतो, मॅग्नेटोस्फिअर हे पृथ्वीभोवतीचं चुंबकी आवरण, मॅग्नेटार हा प्रचंड चुंबकी क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा, मॅग्नेट्रॉन ही मायक्रोवेव्ह भट्टीतली लहरी काढणारी नळी. गाडी दुरुस्त करणारे ज्याला 'मॅग्नेटो' म्हणतात तो मुळात 'मॅग्नेटो-इलेक्ट्रिक मशीन'चा आखूड केलेला शब्द. मॅग्नेटोस्ट्रिक्शनमधलं 'स्ट्रिक्शन' म्हणजे आवळणं. चुंबकी क्षेत्रात लोखंडाची लांबी किंचित बदलते. ट्रान्सफॉर्मरचा 'हूं' आवाज मुख्यतः त्याचाच, आणि तो ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १०० हर्ट्झचा असतो, कारण क्षेत्र कुठल्याही दिशेचं असलं तरी पत्र्यांच्या लांबीत तोच फरक पडतो.

घोटाळा होतो तो उपसर्गांत. 'डाया' म्हणजे विरुद्ध असं पाठ करून घेतात, कारण डायामॅग्नेटिक पदार्थ चुंबकापासून दूर सरतो. उत्तर जुळतं, व्युत्पत्ती चुकते. ग्रीक 'डाया' म्हणजे आरपार. १८४५ मध्ये फॅरडेने हा शब्द केला तो डायलेक्ट्रिक (ज्याच्यातून विजेचं बल आरपार जातं असा वीजरोधक पदार्थ) या शब्दाच्या धर्तीवर: ज्याच्यातून चुंबकी बलरेषा आरपार जातात, पण जो लोखंडासारखा चुंबक होत नाही. त्याने जड शिसेयुक्त काचेची कांडी दोन ध्रुवांमध्ये दोऱ्याने टांगली, तर ती रेषांना आडवी होऊन थांबली. मग रेषांना समांतर राहणाऱ्यांसाठी इंग्रज विद्वान ह्यूएलने 'पॅरा' सुचवला. पॅरा म्हणजे बाजूने, पॅरललमधलाच. म्हणून दोन्ही शब्द लोंबती कांडी डोळ्यांसमोर आणून लक्षात ठेवा: डाया आडवी, पॅरा रेषांच्या बाजूने.

'फेरो' आणि 'फेरी' यांत एका मात्रेचा फरक दिसतो, पण तो छपाईचा दोष समजू नका. फेरोमॅग्नेटिकमध्ये अणूंचे चुंबक एकाच दिशेला. फेरीमॅग्नेटिकमध्ये काही उलटे, पण कमी ताकदीचे, म्हणून वजाबाकीनंतर काही उरतं. हा भेद १९४८ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ नेएलने मांडला. आणि मॅग्नेटाइट, ज्या दगडावरून हे सगळं नाव आलं, तो फेरोत नाही, फेरीत बसतो.

माझ्या 'ट'च्या कसोटीला अपवाद आहेत, ते आधीच सांगायला हवे होते. मॅग्नॉन (चुंबकी पदार्थातल्या लहरीचा सर्वांत लहान तुकडा) चुंबकाचाच, पण त्यात 'ट' गळालाय. मॅगहेमाइट हे लोखंडाचं खनिज, त्याचं नाव म्हणजे मॅग्नेटाइट आणि हेमाटाइट यांच्या आद्याक्षरांची मोट. उलट बडा उद्योगपती या अर्थाचा 'मॅग्नेट' देवनागरीत चुंबकासारखाच दिसतो, पण तो 'मॅग्नुस'च्या घरचा. इंग्रजीत 'एन'नंतर 'ए' आहे की 'ई', ते पाहावं लागतं.

मँगेनीजबद्दल वर जरा जोरात बोललो. ते एकटं चुंबकाला चिकटत नाही, तांबं आणि ॲल्युमिनियमही नाही. पण तिघांचा ठरावीक प्रमाणातला मिश्रधातू चांगला फेरोमॅग्नेटिक असतो, हे जर्मन संशोधक हॉइस्लरने १९०३ मध्ये दाखवलं. कुणाशी वाद घालायला जाल तर मँगेनीजवर नको, मॅग्नेशियमवर घाला.