पिएता (शिल्पकार मायकेलअँजेलोने घडवलेली मेरी आणि तिच्या मांडीवरच्या मृत येशूची मूर्ती) बघायला सुरुवात करतोयस तर आधी हे वाच

अरे, व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलच्या छतावर त्याने मेंदूचं चित्र लपवलंय वगैरे व्हिडिओंपासून सुरुवात नको करूस, ती नंतरची गोष्ट. आधी फ्लॉरेन्सच्या सांतो स्पिरितो चर्चपासून सुरू कर. 1493 च्या आसपास, विशीही न गाठलेल्या मायकेलअँजेलोला तिथल्या मठाच्या प्रमुखांनी हॉस्पिटलमधली प्रेतं चिरून अभ्यासायला दिली आणि त्याने आभार म्हणून लाकडी क्रूसमूर्ती करून दिली, असं त्याचे जुने चरित्रकार सांगतात. चर्च शवविच्छेदनाच्या कायम विरोधात होतं हे जे सगळीकडे ऐकतोस ना, ते इथेच डोक्यातून काढून टाक.

मग 1498-99 ची पिएता. चेहऱ्यांकडे लगेच जाऊ नकोस, मेरीचा उजवा हात बघ, येशूच्या काखेखाली घातलेला, मध्ये कापड आहे तरी बोटांच्या दाबाने मांस वर आलंय, येशूचा खांदा उचलला गेलाय आणि दंड खाली सैल लोंबतोय, त्या हातावरच्या शिरासुद्धा दिसतात. प्रेताचं वजन ज्याने स्वतःच्या हातांनी पेललंय त्यालाच हे जमतं असं माझं ठाम मत आहे, आणि आईचं दुःख मला तरी त्या खांद्यातूनच कळलं. मोबाईलवर झूम करून बघ, आणि शक्य असेल तर वहीत तेवढाच खांदा काढून बघ, आठवडा लागला तरी लागू दे.